कोरड्या गावाची वही

मंगळवारी संध्याकाळी, बंबवाल्यांच्या हॉलमध्ये,
लाल गाडीच्या मागे चार टेबलं मांडून
ओयार्सो मास्तर म्हणाले :
ओळखीचं काही काढायचं नाही.
खाडी नाही, खांबांवरची घरं नाहीत, होड्या तर मुळीच नाहीत.
मनाने एक गाव वसवा, तिथे जा,
आणि आठवड्याला एक पान घेऊन परत या.

मी बासष्ट वर्षांची. शिंपल्यांच्या कारखान्यात
पट्ट्यावरून वाहत येणारे फुटके शिंपले
वेचून बाजूला टाकण्यात एकोणतीस वर्षं गेली.
प्रवासावर मी कधीच पाणी सोडलं होतं.

आमच्या चिलोए बेटावर कागद वाळत नाही.
भिंतीही वाळत नाहीत, त्यांना शेवाळ धरतं.
निळ्याशेजारी पिवळा ठेवावा,
तर रात्रीतून दोघांचं हिरवं संगनमत.
म्हणून मी गाव निवडलं कोरडं.
नाव ठेवलं आरिमा.

पहिल्या पानावर बस. चाकं बटाट्यांसारखी.
(असल्या चाकांवर पोचलीस कशी, हे कुणी विचारलं नाही.)
तिकीट : चारशे. कसले चारशे, ते अजून ठरलं नव्हतं.
पुढच्या पानावर आभाळ ओलं असतानाच
ब्रशमधून थेंब गळला
आणि कोबीच्या गड्ड्यासारखा पसरला.
पुसायला गेले तर कागद सोलवटला.
खाली लिहिलं : आज टोळधाड. खिडक्या बंद.

आरिमात पाणी विकत मिळतं, पेल्यावर.
विकणारी बाई खाणावळीच्या दारात, पाठमोरी.
पाठमोरीच, कारण चेहरे मला येत नाहीत.
मी म्हटलं, एक पेला.
तिने न वळता तीन बोटं दाखवली.
तिघांचं पाणी म्हणजे जपून वापरायचं पाणी.
त्या दिवशी ब्रश फडक्यावर टिपून टिपून
अर्धा कोरडा कागदावरून ओढला,
तर खरबरीत वाट उमटली, धूळ, खडे,
आणि एक गाढव, जे मी काढलंच नव्हतं.
मास्तर वाकून बराच वेळ बघत राहिले.
हे कुणी शिकवलं?
मी म्हटलं, तिथे पाणी महाग आहे.

पांढऱ्याचं मात्र जमेना.
डबीत पांढरा नाहीच, मास्तर म्हणायचे,
पांढरं म्हणजे तू जिथे हात आवरलास ती जागा.
हात आवरायचा!
पट्टा चालू असताना हात थांबला
की मुकादम नावानिशी ओरडायचा : एदुविना!
तीन आठवडे मी पानं काठोकाठ भरत राहिले.
मग एका दुपारी
(तिथली दुपार, इथे रात्रीचे अकरा)
खाणावळीच्या भिंतीची फक्त सावली काढली.
भिंत आपली आपण उभी राहिली.
इतकी चुन्याची, इतकी उन्हाची,
की चुलीपाशी बसून मी डोळे बारीक केले.
पत्र्यावर पाऊस वाजत होता.

भाऊ बाल्दोमेरो वही चाळून म्हणाला,
कधी गेली होतीस? बोलली नाहीस ती.
मी म्हटलं, तू तेव्हा बटाटे काढत होतास.

शेवटच्या पानाला रिकाम्या हाती कसं जायचं?
पन्हाळीखाली बरणी ठेवली.
सकाळपर्यंत काठावरून वाहत होती.
नेऊन तिच्या उंबऱ्यावर ठेवली,
ब्रश बुडवला आणि पाणी सोडलं,
मोकळं, न मोजता.
डोंगर गावात उतरले, गाव वाटेवर आलं,
गाढव कुठे गेलं कळलं नाही.
आणि ती वळली.
तिथे मी हात आवरला.

पान चुलीपाशी आहे, चार कोपऱ्यांवर चार दगड.
परवापर्यंत वाळेल. किंवा नाही वाळणार.
बघायचं तर बघा, लांबून.
बोट लावू नका.